नळाच्या वेळेची प्रार्थना

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत वेळ पहाटेची, कधी पावणेपाच कधी सव्वापाच, नळाची पहिली फुसफुस ऐकू आली की समोरच्या भाभी ओरडतात "नल आ गए", मग एकेका घरातून मोटरी घुरघुरायला लागतात आणि मीही उठते. आधी प्यायच्या पाण्याचे हंडे, मग हौद, हौद अर्धा झाला की वरची टाकी. पाऊण तास तरी तिथे उभं राहावंच लागतं कारण धार कधी बारीक होईल सांगता येत नाही, आणि पाइप तसाच सोडून आत गेलं की तो सटकतो आणि सगळं पाणी अंगणात.

हा पाऊण तास म्हणजे २०२३ च्या सुरुवातीपासून माझी प्रार्थनेची वेळ. आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण मागच्या रविवारी चर्चमधून निघताना एका मुलीनं, तिचं नुकतंच लग्न झालंय, मला थांबवून विचारलं की आंटी आप इतनी शांत कैसे रहती हैं. मला तिथल्या तिथे काही नीट सांगता आलं नाही, लोक बाहेर पडत होते, यांनी स्कूटर काढली होती, मी नुसता तिचा हात दाबला आणि आले. पण घरी येईपर्यंत तिचा चेहरा डोळ्यासमोर होता. ती सहज विचारत नव्हती, तिला हवं होतं काहीतरी. आणि तिला माहीत नाही की चार वर्षांपूर्वी मी कशी होते.

माझं माहेर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणतात, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये तिथे आले, त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाचं नगरशी कुठून ना कुठून नातं निघतंच. पप्पा शाळेत शिक्षक, आई संडे स्कूल घ्यायची आणि पेटी वाजवायची. इंदूरला मी ख्रिस्ती आहे म्हटलं की लोकांना वाटतं घरी गिटार असणार, इंग्रजी गाणी असणार. आमच्या घरी संध्याकाळची भक्ती म्हणजे सतरंजी, पेटी, टाळ आणि भजनं. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते आपला अभंग, आपली ओवी, आपलं कीर्तन सगळं बरोबर घेऊन, आणि नगरच्या मंडळीत ते इतकं मुरलंय की मला लहानपणी येशू आणि टाळ हे वेगळे कधी वाटलेच नाहीत. आई डोळे मिटून पेटी वाजवायची. वरच्या काळ्या पट्ट्यांपैकी एक तुटलेली होती, तिथे तिचं बोट आपोआप उडी मारायचं.

१९९६ मध्ये लग्न होऊन इंदूरला आले. सासरचेही मराठीच, यांचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आलेले. इकडे मिशन कॅनडाचं, १८७७ पासूनचं, इथलं ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. पण चर्च हिंदीत. येशूचा यीशु झाला, पाळकसाहेबांचे पादरी साहब झाले, प्रभुभोजनाचं प्रभु भोज. पहिली दोन-तीन वर्षं मला उपासनेत परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं व्हायचं, ताटात सगळं आहे, वाढणारे प्रेमाने वाढतायत, पण घास उतरत नाही. मग हळूहळू झालं. आता हिंदी गीतं मला पाठ आहेत आणि आवडतातही. फक्त प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात तेव्हा मी अजून मराठीत म्हणते, ओठातल्या ओठात, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", आणि सगळ्यांच्या आधी किंवा नंतर संपते. शेजारच्या बायकांना आता सवय झाली आहे.

तर मूळ गोष्ट. पप्पा २०१७ ला गेले आणि आई २०२० च्या नोव्हेंबरात. कोरोनाचे दिवस, मला मातीला पोचता आलं नाही, मोबाइलवर बघितलं. त्यानंतर वर्षाच्या आत दादानं नगरचं घर विकलं. मला न विचारता. मला कळलं ते चुलत बहिणीनं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तेव्हा, आमच्या दाराला नवीन रंग, वर दुसऱ्याच नावाची पाटी. मी फोन केला, पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नव्हता, मी विचारलं आईची पेटी कुठंय. तो म्हणाला विकली. एवढंच म्हणाला, "विकली." आणि मग मी जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही, तोही बोलला, वहिनीलाही मध्ये ओढलं, आणि फोन बंद झाला तो तीन वर्षं.

त्या तीन वर्षांत मी चर्च चुकवलं नाही. उपवासकाळात उपवास केले, महिला मंडळाची प्रार्थना चालवली, आजारी लोकांच्या घरी जाऊन स्तोत्रं वाचली. आणि आत सतत भट्टी पेटलेली. रात्री दोनला डोळे उघडायचे आणि डोक्यात कोर्ट सुरू व्हायचं, मी असं म्हणेन मग तो असं म्हणेल मग मी हे काढीन, वकील मी, साक्षीदार मी, न्यायाधीश मीच आणि निकाल रोज माझ्याच बाजूनं, तरी दुसऱ्या रात्री केस परत उभी. बीपी वाढलं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली, झोपेसाठी वेगळी दिली. एका बाईंनी मला प्रार्थनेनंतर बाजूला घेऊन सांगितलं की बहन गोळ्या घ्याव्या लागतात म्हणजे विश्वास कुठेतरी कमी पडतोय. ते मला फार लागलं. आज मला कुणी असं म्हणालं तर मी सांगीन की एलीयाची गोष्ट वाचा. एवढा मोठा संदेष्टा, रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणतो पुरे झालं आता माझा प्राण घे, आणि देव त्याला काय देतो? उपदेश नाही देत. झोप देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, पाण्याचं भांडं देतो, परत झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो कारण पुढची वाट लांबची आहे. वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटची ती हलकी वाणी हे सगळं नंतर, आधी भाकर. मी बीपीची गोळी अजून घेते आणि प्रार्थना करून घेते.

पाणी भरायचं काम आधी यांचं होतं. २०२३ च्या सुरुवातीला यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते माझ्याकडे आलं. आध्यात्मिक वगैरे काही ठरवून नाही झालं हे, कुणाच्या साक्षीत ऐकतो तसा काही आवाज नाही, दर्शन नाही. दोनला उठलेली मी, पाचला नळापाशी, अंगात शाल, जानेवारीची थंडी, तो नुसता वाहत्या पाण्याचा आवाज आणि माझ्या तोंडून निघालं "प्रभू, मी दमले." बस. पुढचं काहीच सुचेना. हंडा भरला, बाजूला केला, दुसरा लावला. परत तेच. त्या दिवशी मी बहुतेक पाच-सहा वेळा तेवढंच म्हटलं आणि हौदाचं झाकण लावून आत आले. चहा टाकताना लक्षात आलं की चाळीस मिनिटं डोक्यातलं कोर्ट बंद होतं.

मग मी हंड्यांना नावं द्यायला लागले. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची सात भांडी, दोन तांब्याचे हंडे, तीन स्टीलचे, दोन कळशा. एक हंडा भरेपर्यंत एका माणसासाठी प्रार्थना, भांडं भरलं की ते नाव देवाकडे ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. ओढून लांबवायची नाही, परत मागे जायचं नाही. पहिला हंडा यांच्या गुडघ्याचा, दुसरा मुलाचा, तो पुण्याला असतो, मग सासूबाई, मग ऑफिसमधल्या एका मुलीचा जिच्या घरी रोज मारहाण चालायची, असं करत करत. सात भांड्यांत माझी माणसं मावायची. एकच नाव मी घेत नव्हते. आणि गंमत नाही, खरंच सांगते, शेवटच्या कळशीशी रोज माझा हात अडखळायचा, कारण ती कळशी आईनं दिलेली, लग्नातली, तिच्यावर आईचं नाव कोरलेलं आहे. आईचं नाव समोर आणि तिच्या मुलाचं नाव माझ्या तोंडात येत नाही. मी ती कळशी मुकाट्यानं भरायची. किती महिने? पावसाळा गेला, दिवाळी गेली.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली ती शोमरोनी बाई मी शंभर वेळा वाचली असेल, संडे स्कूलमध्ये शिकवलीही. पण नळापाशी उभं राहून ती वेगळीच दिसते हो. ती बाई देवळात नव्हती चालली, पाणी भरायला आली होती, भर दुपारी, आणि येशू पण काही पवित्र मुद्रा करून बसला नव्हता, प्रवासानं थकून विहिरीच्या काठावर टेकला होता आणि बोलायला सुरुवात त्यानं कशी केली तर मला प्यायला दे म्हणून. थकलेला देव थकलेल्या बाईकडे पाणी मागतो. आणि पुढे तिच्या घरातली सगळ्यात दुखरी गोष्ट तो शांतपणे काढतो, ती विषय बदलून डोंगरावर भजावं की यरुशलेमेत असं विचारते, मी पण तेच करत होते, उपवास कसा करावा याच्यावर अर्धा तास बोलीन पण दादाचं नाव काढू नका. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात पळते. मला आधी वाटायचं की घागर टाकली म्हणजे संसार सोडला, अध्यात्माकडे गेली. आता वाटतं की नाही, ती ज्या माणसांना टाळत होती, ज्यांच्यामुळे दुपारच्या उन्हात एकटी यायची, त्यांच्याकडेच पळत गेली. घागर घ्यायला नंतर आलीच असेल, घरात पाणी तर लागतंच.

हे सांगतात की त्यांच्या लहानपणी इंदूरला पाण्याचे फार हाल होते, टँकरच्या मागे पळायचे, १९७८ साली नर्मदा आली तेव्हा हे दहा वर्षांचे होते आणि नळाखाली डोकं धरून उभे राहिले होते. मला खूप वर्षं माहीतच नव्हतं की हे पाणी जलूदहून येतं, सत्तरेक किलोमीटरवरून, आणि नदी खाली निमाडात, आपण वर माळव्याच्या पठारावर, म्हणजे हे पाणी उताराने आलेलं नाहीच, पंप लावून विंध्याचलावर चढवून आणलेलं आहे. मी झोपेत असताना रात्रभर कुठेतरी मोटरी चालतात आणि मी नुसता नळ फिरवते. हे कळल्यापासून नळाला हात लावताना मला कृपा हा शब्द आठवतो. पुस्तकातला तो शब्द मला तोपर्यंत नुसता पाठ होता.

आई एक गोष्ट नेहमी सांगायची, पंडिता रमाबाईंची. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, त्यातल्या कितीतरी आपल्या या मध्य प्रांताकडच्याच, १८९६-९७ च्या दुष्काळातल्या. त्यांचं खाणंपिणं, आजारपण, शिकवणं, शेती, छापखाना, आणि हे सगळं चालू असताना बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबल करत होत्या, १९२२ ला गेल्या तोपर्यंत तेच काम. आई म्हणायची, त्यांना एकांत कुठून मिळाला असेल गं? तेव्हा मला वाटायचं आई स्वतःसाठी पळवाट शोधतेय, तिला पाच मिनिटं निवांत मिळायची नाहीत म्हणून. आता मला तो प्रश्न खरा वाटतो. शांती म्हणजे सगळं आवरून झाल्यावर हातपाय धुऊन बसायची जागा असं मी धरून चालले होते, मुलगा मार्गी लागला की, यांचा गुडघा बरा झाला की, रिटायर झाले की. आणि ती जागा येतच नव्हती. येशूनं "मी आपली शांती तुम्हांला देतो" हे कधी म्हटलंय बघा, ज्या रात्री त्याला धरून नेणार होते त्या रात्री, जेवणाच्या ताटावरून उठायच्या आत. काही आवरलेलं नव्हतं, उलट सगळं उधळणार होतं आणि त्याला ते माहीत होतं.

१३१ वं स्तोत्र तीनच वचनांचं आहे. त्यात दावीद म्हणतो की माझा जीव मी शांत केलाय, दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा. हे वाक्य ज्या बाईनं मुलाचं दूध तोडलंय तिला बरोबर कळेल. अंगावर पिणारं बाळ मांडीवर घेतलं की ते तोंड शोधतं, झोंबतं, रडतं. आणि दूध सुटल्यावर काही दिवस तर घर डोक्यावर घेतं. पण मग एक दिवस तेच मूल येऊन नुसतं मांडीवर बसतं, काही मागत नाही, आई आहे एवढं त्याला पुरतं. मी देवाकडे कायम झोंबतच गेलेली, हे दे ते दे, दादाला अक्कल दे, मला न्याय दे. २०२४ च्या जानेवारीत एका पहाटे, आईची कळशी नळाखाली होती, आणि मी पहिल्यांदा दादाचं नाव घेतलं. पुढे काही मागितलं नाही. त्याला क्षमा कर असंही नाही म्हटलं कारण ते खोटं झालं असतं. नुसतं नाव. कळशी भरली. हात थरथरत होता, थंडीनंही असेल.

मग मार्च आला. मी सियागंजला एका होलसेल दुकानात अकाउंट्स बघते, मार्च म्हणजे आम्हाला श्वास नाही, टॅलीमध्ये एकेक खातं जुळवायचं, जीएसटीचं बघायचं, पार्टीला फोन, बाकी कळवा बाकी कळवा. त्याच महिन्यात एका रविवारी पादरी साहब शालोम या शब्दावर बोलले. म्हणाले की आपण त्याचं भाषांतर शांती करतो, पण हिब्रूत त्या शब्दाच्या मुळाशी पूर्ण करणं आहे, आणि त्याच मुळापासून फेडणं, चुकतं करणं हा शब्दही येतो. मी बाकावर सरळ झाले. कारण हे माझ्या धंद्यातलं होतं. खात्यात बाकी ओढत नेली की ती नाहीशी होत नाही, ती फक्त पुढच्या वर्षाच्या पहिल्या ओळीत जाऊन बसते. आणि मग त्यांनी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला, की वेदीपाशी तू आपलं अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. इतकी वर्षं मी हे वाचताना समजत होते की माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. तसं नाहीये. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर. आणि त्याच्या मनात काय असेल हा प्रश्न माझ्या त्या रात्रीच्या कोर्टात तीन वर्षांत एकदाही आला नव्हता.

फोन मी चार दिवसांनी केला. दुकानाच्या मागे जिथे हातगाड्या लावतात तिथे उभी राहून, कारण आत आवाज, घरी धीर होईना. त्यानं दोनदा वाजल्यावर उचलला. मी म्हटलं, "दादा, मी बोलतेय." तो म्हणाला, "नंबर आहे माझ्याकडे." मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, मागे टेम्पो रिव्हर्स घेत होता त्याचा पीं पीं आवाज. मी म्हटलं त्या दिवशी मी जे बोलले, वहिनीबद्दल विशेषकरून, ते चुकलं, माफ कर. एवढं म्हणायला मी आले होते, घराचं विचारायचं नव्हतं. त्यानंच सांगितलं. आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत दवाखान्याचं बिल इतकं झालं होतं की त्यानं घरावर कर्ज काढलं, त्याची नोकरी त्याच उन्हाळ्यात गेलेली, मला कळवलं नाही कारण यांचाही पगार तेव्हा अर्ध्यावर आला होता हे त्याला माहीत होतं. कर्ज वाढत गेलं आणि घर द्यावं लागलं. "तुला काय सांगणार होतो," म्हणाला. आणि मग मी न विचारता म्हणाला, "पेटीचे पंधराशे आले होते."

तीन वर्षांनंतर त्याला आकडा पाठ होता. त्या आकड्यानं मला सगळं कळलं. मी इकडे जागी होते तसा तो तिकडे जागा होता.

सगळं एकदम गोड झालं असं नाही. मला अजूनही वाटतं त्यानं सांगायला हवं होतं, आणि हे मी त्याला नंतर बोललेही. पेटी गेली ती गेली, मी नगरला एक-दोघांना विचारून पाहिलं, पत्ता लागला नाही, आणि तिची आठवण आली की अजून दुखतं. त्या रात्रीही मी दोनला जागी झाले, सवयच ती. पण डोक्यात कोणी बोलत नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता, यांच्या श्वासाचा, दूर कुठेतरी कुत्रं. मी तशीच पडून राहिले आणि मला भीती वाटली नाही. नंतर कधीतरी झोप लागली असणार कारण नळाचा आवाज मी ऐकलाच नाही, यांनी काठी टेकत जाऊन पाणी भरलं.

आता कधी कुणी विचारलं की पुनरुत्थानानंतर येशूनं काय केलं तर मला पहिली आठवते ती योहानाच्या शेवटच्या अध्यायातली न्याहारी. समुद्राच्या काठावर कोळशाचा विस्तव, वर मासे, भाकर, आणि रात्रभर जाळं टाकून काही न मिळालेल्या त्या माणसांना तो म्हणतो या, खाऊन घ्या. पेत्रानं त्याला नाकारलं होतं तेही कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभं राहून. येशू त्याच्याशी बोलतो, तीनदा विचारतो माझ्यावर प्रेम करतोस का, पण पोटात काहीतरी गेल्यावर. मला हे फार आवडतं, आधी खाऊ घालणं. आमच्या घरी पण मोठी भांडणं ताटावरच मिटली आहेत.

दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी २०२४ च्या नाताळला इंदूरला आले. सतरा-अठरा वर्षांनी. मी करंज्या आणि शंकरपाळी करून ठेवली होती, वहिनीनं नगरहून अनारसे आणले, यांनी संध्याकाळी सगळ्यांना सराफ्यात नेऊन गराडू खायला घातलं, भाचीला त्याच्यावरचा मसाला इतका आवडला की पुडी बांधून घेतली. दादानं बॅगेतून काढून पप्पांचं बायबल माझ्या हातात दिलं. ते त्यानं विकलं नव्हतं. पहिल्या कोऱ्या पानावर पप्पांच्या अक्षरात आमच्या दोघांच्या जन्मतारखा, बाप्तिस्म्याच्या तारखा, खाली माझ्या लग्नाची. आईच्या मृत्यूची तारीख दादाच्या अक्षरात होती आणि शाई थोडी पसरलेली.

दुसऱ्या दिवशी नर्मदेचा दिवस होता. मी उठून बाहेर आले तर दादा आधीच अंगणात, मफलर गुंडाळून, त्याला पहाटे झोप येत नाही म्हणाला. मी नको म्हणत असताना पाइप हातात घेतला. मी त्याला हंड्यांचं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, यांनाही तोपर्यंत नीट माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही, एकेक भांडं लावत गेला, मी भरलेली आत नेत होते. सातवी कळशी लावताना त्यानं ती फिरवून आईचं नाव बघितलं, अंगठ्यानं पुसलं.

"ही कुणाची?" त्यानं विचारलं.

"तुझी असते," मी म्हटलं.

तो कळशीकडे बघत उभा राहिला. ती भरली, वाहायला लागली, पाणी त्याच्या चपलांवरून अंगणात गेलं तरी त्यानं पाइप काढला नाही, आणि मीही काही म्हटलं नाही.